चार सूत आणि दोन सूत

पावसाळा सुरू झाला की आम्हा म्हैसूरकरांना एक चाळा लागतो. सकाळी वर्तमानपत्र हातात पडलं की आधी कृष्णराजसागर धरणाची पातळी बघायची. काल किती फूट होती, आज किती आहे, भरायला किती उरली? धरण भरतं १२४.८० फुटांना. हा आकडा इथल्या भाजीवाल्यालाही पाठ, रिक्षावाल्यालाही पाठ, आणि गेली पंचवीस वर्षं इथे राहून आता आमच्या सासूबाईंनाही पाठ. दशांश चिन्हासकट वजाबाकी सगळे तोंडी करतात, आणि त्याला कुणी गणित म्हणत नाही. गणित म्हटलं की मात्र भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो.

असाच एक गोळा पोटात घेऊन आमच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी एका रात्री साडेनऊला वर आला. त्याचं नाव सांगत नाही, त्यानंच तशी अट घातली आहे. मूळचा बेळगावकडचा. मराठी शाळेतून दहावी, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि गेली चौदा वर्षं इथल्या एका कारखान्यात नोकरी. वय छत्तीस, मुलगी सहावीत. हाताखाली शिकलेली पोरं डिग्रीच्या जोरावर सुपरवायझर झाली आणि हा तिथल्या तिथेच राहिला. शेवटी बायकोनं हट्ट धरला आणि यानं संध्याकाळच्या वर्गात इंजिनिअरिंगला नाव घातलं.

“काकू, तुम्ही गणिताच्या बाई होता न्हवं? मला काय जमंना बघा. दोनदा नापास झालोय.”

आधी ही भानगड काय आहे ते सांगते. डिप्लोमा झालेल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एक वर्ष वाचतं, पण त्याबरोबर पहिल्या वर्षाचं गणितही मागे राहतं. म्हणून आमच्या कर्नाटकात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठानं अशा विद्यार्थ्यांसाठी गणिताचे जादा पेपर ठेवले आहेत. पोरांच्या तोंडी त्याचं नाव ‘डिप मॅथ्स’. त्याचे गुण टक्केवारीत धरत नाहीत, पण त्यात पास झाल्याशिवाय पदवीही हातात पडत नाही. दारातला उंबरठाच म्हणा ना!

मी त्याची वही उघडली. मला वाटलं, इंटिग्रेशन अडत असेल. पण सूत्रं सगळी पाठ होती. उदाहरण सुरू व्हायचं झोकात, आणि चौथ्या-पाचव्या ओळीत कुठेतरी गाडी रुळावरून घसरायची. मी कागदावर लिहून दिलं, एक छेद दोन अधिक एक छेद चार. त्यानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, दोन छेद सहा.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, हे तर सहावीचं! एवढंही येत नाही?”

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. तो हसला, वही मिटली, “उद्या येतो काकू,” म्हणाला आणि गेला. आठ दिवस फिरकला नाही.

नवव्या दिवशी त्याची बायको रिकामा डबा परत द्यायला आली. दारातच उभी राहिली. “काकू, ते आता पुढची फी भरायची नाही म्हणतात. पोरगीनं विचारलं, बाबा तुमचा निकाल काय लागला? तर ताटावरून उठून बाहेर गेले.”

ती गेल्यावर मला स्वस्थ बसवेना. तीस वर्षं शिकवलं मी. या एका वाक्यानं किती पोरांच्या वह्या मिटल्या असतील, याचा हिशेब कधी केलाच नव्हता.

आमच्या म्हैसुरातच यादवगिरीला आर. के. नारायण यांचं घर आहे. आता तिथे त्यांचं संग्रहालय केलं आहे. त्यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी १९३५ सालची. तुमच्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’मध्ये या स्वामीला पाहिलं असेल. कादंबरीत एक प्रसंग आहे. सुट्टीच्या दिवशी वडील स्वामीला गणित घालतात. रामाला दहा आंब्यांचे पंधरा आणे हवेत, कृष्णाला चारच आंबे हवेत, तर त्यानं किती आणे द्यावे? आणि स्वामी विचारात पडतो, ते आंबे पिकलेले होते का? वडील वैतागतात, वाचणारे हसतात.

मीही हसले होते. पण त्या दिवशी वाटलं, स्वामीचं निदान एक बरं होतं. त्याला जे पडलं ते त्यानं विचारलं. मोठा माणूस विचारत नाही. मोठा माणूस मान डोलावतो, फळ्यावरचं उतरवून घेतो आणि घरी जाऊन सूत्र पाठ करतो. दहा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक आला नाही तर तो आजचा धडा असतो. छत्तीस वर्षांच्या बापाला आला नाही तर ती अब्रू होते. म्हणून तो लपवतो, आणि लपवलेली चूक दुरुस्त कशी व्हायची?

यात तो एकटाच नाही. २०२३ साली ‘असर’च्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना साधा भागाकार घातला होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं. बरोबर उत्तर देणारे निघाले ४३.३ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं ही उणीव घेऊनच पुढच्या वर्गात, कामधंद्यात, संसारात जाणार. त्यातलाच कुणी उद्या जिद्दीनं इंजिनिअरिंगला नाव घालील, आणि चुकेल तेव्हा त्याला वाटेल की आपल्याला इंजिनिअरिंग झेपत नाही. प्रत्यक्षात अडलेलं असेल पाचवी-सहावीत.

संध्याकाळी मी स्वतःच खाली गेले. “मी चुकीचं बोलले,” एवढंच म्हटलं. तो अवघडला. बायकोनं चहा टाकला. मी मुद्दाम वहीचं नावच काढलं नाही. म्हटलं, “मला एक सांग, कारखान्यात अर्ध्या इंचाच्या पट्टीवर पाव इंचाची पट्टी ठेवली तर जाडी किती?”

“सहा सूत,” तो तात्काळ म्हणाला. “पाऊण इंच.”

“कसं काढलंस?”

“त्यात काय काढायचं? अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाव म्हणजे दोन सूत. चार अन् दोन सहा.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. सुतार, गवंडी, फिटर यांच्या तोंडी अजूनही हेच माप असतं.

मी त्याची वही उघडून तेच गणित पुढे ठेवलं. एक छेद दोन अधिक एक छेद चार. “इथे तू लिहिलंस दोन छेद सहा. म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्यात पाव मिळवला आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं? कारखान्यात अशी पट्टी तू पास केली असतीस का?”

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे दोघांचं आधी सूत करायचं?”

“बस, तेवढंच! आता अर्धा आणि तिसरा हिस्सा कर.”

इथे सूत चालेना. आठ भागांतून तिसरा हिस्सा नीट निघत नाही. तो पेन्सिल घोळवत बसला. “असं माप पाहिजे की त्यात अर्धाही बसंल आणि तिसरा हिस्साबी बसंल. सहा भाग केले तर? तीन अन् दोन... पाच. पाच छेद सहा.” आणि मग एकदम, “काकू, हे लसावि हाय काय?”

“हो.”

“आणि ते एल.सी.एम. म्हणतात ते?”

“तेच.”

माणूस हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं बघत होता. लसावि त्याला मराठी शाळेत चांगला येत होता. पुढे डिप्लोमाला सगळं इंग्रजीत आलं. अंशाचं न्यूमरेटर झालं, छेदाचं डिनॉमिनेटर झालं. हे तेच आहे, असं कुणी सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही. जुनं ज्ञान जुन्या पेटीत राहिलं आणि नवं नुसतं पाठ झालं. सीमाभागातल्या कितीतरी मुलांची ही कथा असेल.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. रोज पहाटे साडेपाच ते सव्वासहा, पहिल्या पाळीला जाण्यापूर्वी. रोज पाऊण तास, रविवारी दोन तास नाही. गणित हे लोणच्यासारखं रोज थोडं थोडंच मुरतं. पुस्तक त्याच्या मुलीचं, सहावीचं. आधी अपूर्णांक, मग अधिक-उणे चिन्हं, मग कंस, मग समीकरणात पद इकडून तिकडे नेणं, मग घातांक. प्रत्येक टप्प्यावर तो अडला की आम्ही कारखान्यात जायचो! ‘ए अधिक बी’चा वर्ग म्हणजे ए वर्ग अधिक बी वर्ग, असं तो कित्येक वर्षं लिहीत आला होता. मी म्हटलं, बारा इंचांचा चौरस पत्रा घे, त्याची बाजू दहा अधिक दोन. दहाचा वर्ग शंभर, दोनाचा चार, झाले एकशे चार. पत्रा तर एकशे चव्वेचाळीसचा आहे. चाळीस गेले कुठे? त्यानं चित्र काढलं आणि बाजूच्या दोन पट्ट्या बोटानं दाखवल्या. दहा गुणिले दोन, अशा दोन. पुन्हा ती चूक झाली नाही.

सासूबाईंना या शाळेचा सुगावा लागला तेव्हा त्या पंच्याऐंशीव्या वर्षी सरसावून बसल्या. लहानपणी त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ केलेलं. “आम्हाला औटकी येत होती,” त्या म्हणाल्या. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मग त्यांनी ती म्हणूनही दाखवली, दोन ठिकाणी चुकल्या, आणि आपणहून मागे जाऊन दुरुस्त केल्या. मी आमच्या विद्यार्थ्याकडे बघितलं. त्याला जे सांगायला मला महिना लागला असता ते त्यांनी दोन मिनिटांत करून दाखवलं.

पाचेक आठवड्यांनी पुन्हा इंजिनिअरिंगची वही उघडली. तीच उदाहरणं, तीच सूत्रं. फक्त आता चौथ्या ओळीत गाडी घसरत नव्हती.

एकदा तो म्हणाला, “काकू, ज्यांच्या नावाचं आमचं विद्यापीठ हाय ते विश्वेश्वरय्या कुठं आणि मी कुठं!” मी म्हटलं, तुलना नको करूस, पण एवढं लक्षात ठेव. बंगळूरला शिकताना ते शिकवण्या करून खर्च भागवत. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८८३ साली परीक्षेत पहिले आले. ते इकडून मराठी मुलुखात शिकायला गेले, तू तिकडून इथे आलास. आणि ज्या कृष्णराजसागराची पातळी आपण रोज वाचतो, त्याचं काम त्यांच्या काळात १९११ साली सुरू झालं. धरण बांधताना आधी पायाच खणतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तुमच्याही घरात कुणी असा असेल. नोकरी करून शिकणारा भाऊ, मुलं मोठी झाल्यावर पुस्तक हातात घेणारी वहिनी. त्यांचं अडलं तर ते नेमकं कितव्या इयत्तेत अडलं आहे ते शोधून द्या, आणि तिथवर त्यांच्याबरोबर मागे जा. फक्त माझं ते वाक्य बोलू नका.

त्याचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. पण गेल्या रविवारी मी खाली गेले तेव्हा बाप-लेक एकाच टेबलावर बसले होते. त्यानं तिला आपणहून सांगितलं होतं की बाबा गणितात नापास झाले, दोनदा. मी घाबरतच विचारलं, “मग ती काय म्हणाली?”

“काय न्हाई,” तो म्हणाला. “म्हणाली, दाखवा, कुठलं चुकलं?”