जुनी पिकअप आणि दगडांची वाट

जुनी पिकअप गाडी स्वस्तात विकत घ्यावी, तिची उंची वाढवावी, मोठाले टायर चढवावेत आणि ती दगडगोट्यांवरून हाकून दाखवावी, असा छंद अलीकडे आमच्या तरुण मंडळींत दिसू लागला आहे. वडीलधारी माणसे त्यास उधळेपणा म्हणून हसतात. आम्हांस मात्र या छंदात शेतकऱ्याच्या उपयोगाची एक गोष्ट दडलेली दिसते. पण तीच गोष्ट बाजूस ठेवून भलतीकडे पैसा खर्च होत आहे, असेही दिसते. सबब या विषयावर आमचे मत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम गरज पाहावी. गोंदिया जिल्ह्याच्या सपाट भागात ट्रॅक्टरची ट्रॉली बांधीच्या धुऱ्यापर्यंत पोहोचते. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील डोंगरपायथ्याची गोष्ट निराळी. तेथे बांधी आणि पक्की सडक यांच्यामध्ये दगडी नाला, मुरमाड चढ आणि पावसाने फाटलेली पाणंद असते. पूर्वी ही वाट बैलबंडीने तुडविली. आता बैलजोड्या कमी झाल्या. कापणी व मळणी होऊन धान खळ्यावर पडून आहे आणि अवेळी आभाळ भरून आले आहे, अशा दिवशी अर्ध्या कोसाची ती वाट शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा निकाल लावते.

आता खडकावर गाडी चढविण्याच्या विद्येकडे वळू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रुबिकॉन नावाच्या दगडी वाटेवर १९५३ पासून जीपगाड्यांचा मेळा भरत आला आहे. आपल्याकडे गोव्यातही २०१४ पासून चिखल व नाले तुडविण्याची शर्यत सुरू झाली. अशी गाडी पाहणाऱ्याची नजर तिच्या उंच टायरांवर जाते. परंतु या विद्येचे मर्म मंदगतीत आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप घ्या. तिचा पहिला गिअर २.६६, मंदगतीच्या दुसऱ्या गिअरपेटीचे प्रमाण १.९७ आणि आसाचे प्रमाण ४.८८. या तिन्हींचा गुणाकार सुमारे साडेपंचवीस होतो. म्हणजे इंजिनाचे साडेपंचवीस फेरे झाले की चाकाचा एक फेरा पुरा होतो. इंजिन मिनिटास हजार फेरे घेत असता ती जीप ताशी पाच किलोमीटर, म्हणजे चालत्या माणसाइतक्या वेगाने सरकते. गती जितकी कमी, तितका चाकाचा जोर अधिक. आणि उतारावर इंजिनच गाडी आवरून धरते, ब्रेकवर सारा भार पडत नाही.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. ठेच खाऊन शिकलो आहो. आमच्या शेतावरील जुनी पिकअप मागच्याच दोन चाकांवर चालणारी होती. एका मिस्त्रीच्या सल्ल्याने आम्ही तिच्या कमानपाट्यांवर ठोकळे बसविले आणि अठ्ठावीस इंची टायरांच्या जागी तेहेतीस इंची चढविले. गाडी रुबाबदार दिसू लागली. परंतु टायर मोठा झाला की त्याच गिअरात गाडी जवळजवळ अठरा टक्के अधिक वेगाने धावते, तिचा जोर सुमारे पंधरा टक्के घटतो आणि ब्रेकची पकडही उणी पडते, हा हिशेब कोणीच केला नव्हता. धानाची पोती भरून नाल्यात उतरताना गाडी पहिल्या गिअरातही आवरेना. ब्रेक दाबताच चाके जाम झाली, गाडी घसरली आणि उंचीमुळे एका कुशीवर कलंडली. चालकाच्या गळपट्टीचे हाड मोडले. जीव वाचला, हे दैव. निम्मा धान पाण्यात गेला. दोष मिस्त्रीपेक्षा आमच्या हौसेचा अधिक.

यास्तव आमचे सांगणे असे की, ज्यास अशी गाडी करावयाचीच आहे त्याने खर्चाचा क्रम उलटा करावा. मूळ कारखान्यातूनच चारही चाकांस जोर व मंदगतीची गिअरपेटी घेऊन आलेली गाडीच शोधावी. दोन चाकांच्या गाडीस ते अवयव मागून जोडणे स्वस्त पडत नाही. मग पहिला पैसा ब्रेकवर, दुसरा गंजलेल्या चासीच्या दुरुस्तीवर आणि तिसरा इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा व पुढेमागे ओढण्याचे भक्कम आकडे बसविण्यावर घालावा. टायर सर्वांत शेवटी, आणि तेही मूळ मापाचेच घ्यावेत. दगडावर जाताना त्यांतील हवा थोडी उतरविली तर टायर पसरून दगडास धरतो. मात्र सडकेवर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. एक चाक अधांतरी लोंबले की डिफरन्शियलमुळे तेच भिरभिर फिरते व जमिनीवरचे चाक थांबून राहते. यावर कित्येक जण डिफरन्शियलच वेल्डिंगने जखडून टाकतात. उपाय स्वस्त खरा, पण सडकेवरील वळणात टायर घासतात व आसाचा दांडा तुटू शकतो. धान वाहणाऱ्या गाडीस तो करू नये.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच बजावले. गाडी माझ्या शेतातच फिरते, ही सबब चालणार नाही, कारण नोंदणीचे बंधन सार्वजनिक जागेपुरते नाही. तसेच नवेगाव-नागझिरा येथे २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्या रानात वा त्यातील नाल्यांत हौसेखातर गाडी घालणे हा तर सरळ अपराध होय.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा ट्रॅक्टर काय वाईट? ज्यास तो परवडतो त्याने तो अवश्य घ्यावा. परंतु दोन-अडीच एकरांच्या धन्यास ना ट्रॅक्टर परवडतो, ना अशी पिकअप. म्हणून आमची सूचना अशी की, पायथ्याच्या तीन-चार गावांनी मिळून एकच चांगली गाडी घ्यावी, तिच्यासाठी एक शिकलेला चालक नेमावा आणि खेपेमागे दर ठरवून ती फिरवावी. त्याचबरोबर पाणंदीचा पाठपुरावा सोडू नये. राज्य सरकारने २०२१ साली शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना मंजूर केली. पाणंद नीट झाली तर दगडावर चढणारी गाडी आपणांस लागणारच नाही, आणि तोच खरा स्वस्त उपाय होय.

तोवर मात्र आमच्या तरुण बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे की, आपल्या वाडवडिलांची बंडी त्या नाल्यातून पार होत होती ती उंचीच्या बळावर नव्हे. बैल एकेक पाऊल जपून टाकीत होते. गाडीसही आधी तेच शिकवावे.