आधी कान, मग व्याकरण

परभाषा शिकावयाची म्हणजे प्रथम व्याकरण पाठ करावयाचे, अशी अनेकांची समजूत असते. माझ्या मते स्पॅनिशचा आरंभ तरी गाण्यापासून व्हावा. क्यूबातील ‘ग्वांतानामेरा’ हे गीतच पाहा. त्याची सर्वपरिचित कडवी होसे मार्ती या कवीच्या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यसंग्रहातील आहेत. ‘साधी कवने’ असे त्या संग्रहाचे नाव. भाषाही तशीच साधी. माणूस या अर्थाचा ‘ओम्ब्रे’ हा शब्द त्यात येतो. छापील पानावर त्याच्या आरंभी ‘एच’ हे अक्षर दिसते. गाण्यात मात्र ते ऐकू येत नाही. डोळे फसतात, कान फसत नाही. शिवाय एरवी बोलताना लाजणारी जीभ गाताना मोकळी होते.

तथापि केवळ गाण्यावर विसंबू नये. क्यूबात ‘पापा’ शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा! तालाच्या ओघात असा जोर कधी कधी ढळतो. म्हणून गाणे ऐकावे, गुणगुणावे, अर्थ कोशात शोधावा आणि मग न लाजता बोलावे. अंगाई ऐकणाऱ्या मुलाला तरी व्याकरण कोठे ठाऊक असते? तरीही मायबोली त्याला येतेच.