चिघळणारे पाय आणि स्वदेशी संशोधन

हळदीच्या लढाईची आठवण राष्ट्रीय विचाराच्या प्रत्येक माणसाला सुखावते. मार्च १९९५ मध्ये जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध पुराव्यादाखल सादर केला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय निःसंशय अभिमानास्पद होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी एका मलमाला मान्यता दिली, त्याची आठवण मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. मानवी शरीरातील एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून ते मलम बनवले होते आणि ते मधुमेह्यांच्या पायांवरील, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांसाठी होते. हळद आपली आहे हे आपण जगाला पटवून दिले. जखमेच्या आत काय घडते याचे ज्ञान औषधरूपाने बाजारात आणण्याचा मान दुसऱ्यांनी मिळवला. केवळ वारशाच्या रक्षणाने राष्ट्र समर्थ होत नाही, त्या वारशात भर घालावी लागते, हाच या योगायोगाचा अर्थ आहे.

जखम का भरत नाही?

निरोगी माणसाला जखम झाली की रक्त गोठते, पांढऱ्या पेशी घाण व जंतू साफ करतात, मग नवे मांस येते आणि शेवटी त्यावर त्वचा चढते. या प्रत्येक टप्प्यावर पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि हे निरोप म्हणजेच वृद्धिघटक नावाची प्रथिने. अशा प्रथिनांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेह्याच्या पायात ही साखळी तुटते. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे खडा टोचल्याचेही कळत नाही, रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे पोषण पोहोचत नाही, आणि जखम सुजेच्या टप्प्यावरच अडकून पडते. तेथे प्रथिने विरघळवणारी विकरे इतकी साचतात की, नवे मांस आणि पेशींचे निरोप या दोहोंचाही ती फडशा पाडतात.

प्रथिनाधारित उपचारांचे तत्त्व यातूनच उमजते. नष्ट झालेला निरोप वृद्धिघटकाच्या रूपाने बाहेरून पुरवायचा, किंवा कोलॅजेनचा पातळ पडदा जखमेवर ठेवून त्या विकरांना दुसरे खाद्य द्यायचे आणि नव्या पेशींना चढायला आधारही द्यायचा.

मधुमेह्यांचे व्रण कष्टाने बरे होतात, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नोंदलेले आहे. दुष्टव्रणाचे आधी शोधन आणि मगच रोपण, हा क्रमही आचार्यांनी घालून दिला. व्रणबंधनाच्या वस्त्रांत त्यांनी कौशेयाची, म्हणजे रेशमाची, गणना केली आहे. सुश्रुतांना वृद्धिघटक ठाऊक होते असा दावा करण्याचे मात्र काहीच कारण नाही. असे दावे आचार्यांचा गौरव वाढवत नाहीत, उलट टीकाकारांच्या हाती कोलीत देतात. त्यांचे मोठेपण त्यांच्या निरीक्षणात आणि शिस्तीत आहे.

छोट्या देशाचा धडा

या क्षेत्रात लक्षणीय काम केले ते क्यूबाने. तेथील राज्यपद्धती येथील कोणाही राष्ट्रवाद्याला मान्य होण्यासारखी नाही. पण हवानाच्या जैवतंत्रज्ञान केंद्राने वृद्धिघटकाचे असे इंजेक्शन तयार केले, जे थेट जखमेच्या कडांत आणि तळाशी टोचता येते. २००६ मध्ये त्याची तेथे नोंदणी झाली आणि ते सरकारी आरोग्यसेवेतून रुग्णांपर्यंत पोहोचवले गेले. अमेरिकेच्या निर्बंधांखाली दबलेल्या चिमुकल्या देशाने हे करून दाखवले.

भारत मागे आहे असेही नाही. हैदराबादच्या भारत बायोटेकने वृद्धिघटकाचे जेल येथेच तयार केले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून विकसित केलेल्या जखमेवरील आच्छादनाला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील प्रथिनावर मोलाचे संशोधन झाले आहे.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कोलॅजेन बहुधा गाई-बैलांच्या कातडीतून, डुकरापासून किंवा माशांपासून काढतात. आपल्या जखमेवर काय लावले जात आहे, हे जाणण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे. उत्पादकांनी वेष्टनावर प्रथिनाचा स्रोत मराठी-हिंदीत ठळकपणे छापावा आणि डॉक्टरांनी तो न विचारता सांगावा. ज्याला जे चालत नाही, त्याला पर्याय मिळावा. रेशमाचा आणि यीस्टमध्ये घडवलेल्या प्रथिनांचा मार्ग म्हणूनच भारताने अग्रक्रमाने हाती घ्यावा. रेशमासाठीही सामान्यतः कोश उकळतात, हे अहिंसेचे व्रत पाळणाऱ्यांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. श्रद्धेचा मान राखणे आणि पाय वाचवणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो माहिती दडवण्याशी.

पाय कापायला पैसे, वाचवायला नाहीत

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर आहे. त्यांतील प्रत्येकाचा पाय हा धोक्यातला पाय आहे. आयुष्मान भारत योजनेने गरिबाला रुग्णालयाचे दार उघडून दिले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय. परंतु ती योजना मूलतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस तिच्यात धरले जातात. चिघळलेली जखम भरायला तीन-तीन महिने लागतात. परिणामी पाय कापण्याची शस्त्रक्रिया योजनेत बसते, आणि तो वाचवण्यासाठी घरी लावायचे मलम मात्र खिशातून विकत घ्यावे लागते. कमावत्या पुरुषाचा पाय गेला की कुटुंब कोलमडते. ही विसंगती दूर करणे आणि देशी बनावटीची ही औषधे जनऔषधी केंद्रांत आणणे, ही मागणी राष्ट्रीय विचाराच्या लोकांनीच लावून धरली पाहिजे.

अर्थात प्रथिनाचे मलम म्हणजे जादू नव्हे. ज्या पायाला रक्तच पोहोचत नाही, ज्या जखमेतील कुजका भाग काढलेला नाही, जी जखम रोज चालून चिरडली जाते, तिच्यावर कितीही महागडे प्रथिन व्यर्थ आहे. २००८ मध्ये तर त्या अमेरिकी मलमाच्या अतिवापराबाबत कर्करोगाच्या संदर्भात कडक इशारा देण्यात आला होता. अधिक अभ्यासानंतर तो पुढे मागे घेतला गेला. म्हणून हे उपचार तज्ज्ञांच्याच हाती असावेत.

सेवेचा जुना पाठ

हे ज्ञान संघपरिवाराला नवे नाही. १९६२ मध्ये सदाशिव गोविंद कात्रे यांनी चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली, तेव्हा ते स्वतः कुष्ठरोगाने पीडित होते. त्यांच्यानंतर दामोदर गणेश बापट यांनी ते कार्य आयुष्यभर वाहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. कुष्ठरुग्णाचा तळवा मधुमेह्यासारखाच बधिर असतो आणि त्याची जखमही तशीच हट्टी असते. ती भरते रोजच्या धुण्यापुसण्याने, पायाला विश्रांती दिल्याने, मऊ पादत्राणाने आणि किळस न बाळगणाऱ्या हातांनी. प्रथिनाचे काम त्यानंतर सुरू होते. आधी शोधन, मग रोपण!

आषाढी वारीत वारकऱ्यांचे पाय चेपणारे सेवेकरी गावोगाव उभे राहतात. त्यांनी त्याच वेळी मधुमेह्यांचे तळवेही पाहिले, अनवाणी चालणाऱ्या बधिर पायांना पादत्राणे घालण्यास प्रेमाने राजी केले, तर कितीतरी जखमा होण्यापूर्वीच टळतील. सेवावस्तीतील साप्ताहिक आरोग्यकेंद्रात, घरातील आजी-आजोबांच्या बाबतीतही हेच करता येईल. रोज रात्री दोन मिनिटे तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि फोड दिसताच घरगुती लेप लावून दिवस घालवण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.

प्रयोगशाळेतील संशोधकाने स्वदेशी प्रथिन घडवावे, शासनाने ते गरिबाच्या दारी न्यावे आणि कार्यकर्त्याने गरिबाचा पाय आपल्या हाती घ्यावा. या तिघांची गाठ पडेल, तेव्हा हळदीच्या लढाईतील विजय खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.