काटकसर घरात, उधळपट्टी कारखान्यात

महागाई वाढली की उपदेशाचेही पीक येते. जुन्या वस्तू टाकू नका, पुन्हा वापरा, म्हणजे संसाराला हातभार लागेल, असे सल्ले गृहिणीला चहूबाजूंनी दिले जातात. सल्ला खोटा नाही. तो चुकीच्या दारी दिला जातो.

कष्टकऱ्यांच्या घराला काटकसर शिकवावी लागत नाही. नऊवारी लुगडे विरले की त्याची गोधडी होते. गोधडी झिजली की पायपुसणे होते आणि उरल्या चिंध्या चुलीवरची भांडी उतरवायला कामी येतात. जरा धड असलेल्या जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे देऊन जाते. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्यात ज्वारी-तांदूळ राहतात. वर दांडा ठोकला की पाणी भरता येते. बूड गळू लागले की त्यात तुळस रुजते. एका वस्तूला असे तीन-चार जन्म देणे हे कसब आहे आणि श्रमही. पण गोधडीला टाके घालणाऱ्या हातांची मजुरी संसाराच्या हिशेबात कधी धरली गेली नाही. पुरुष कमावतो आणि स्त्री वाचवते, असे म्हणताना वाचवणे हे काम नव्हेच, असे गृहीत धरलेले असते.

आज या कसबालाच वाव उरेनासा झाला आहे. बहुतेक घरांत तेल आता प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते. ती कापून शेवटचा थेंब निपटता येतो. त्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही. वेफर्सची पाकिटे आणि अशाच अनेक पुड्या वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला बाटलीचे पैसे एकदम जमत नाहीत. तो पुडी घेतो. पुडीबरोबर घरात डबा येत नाही, कचरा येतो. मोबाइलची बॅटरी एके काळी नखाने काढता येई. आता ती बहुधा आत चिकटवलेली असते. वस्तू किती काळ टिकावी आणि दुरुस्त व्हावी की नाही, याचा निर्णय स्वयंपाकघरात होत नाही. तो कारखानदार घेतो, नफ्याकडे पाहून घेतो. निस्तरण्याची जबाबदारी मात्र गृहिणीवर आणि कचरा वेचणाऱ्या बाईवर येते.

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी वेष्टनांचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. प्रत्यक्षात गल्लोगल्ली तो वेचतात त्या बहुतांशी दलित, कष्टकरी स्त्रिया. पुण्यात या स्त्रियांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेच्या कामात उतरवली. त्यांनी वेगळा काढलेला कागद, काच, पत्रा पुन्हा कारखान्यात जातो आणि तेवढा कचरा वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो. काटकसरीला दाम मागता येतो, हा धडा त्यांनी घालून दिला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काटकसरीची थट्टा करू नये आणि तिचे पोवाडेही गाऊ नयेत. गोधडी ऊब देते. ती वाढीव मजुरीची जागा घेऊ शकत नाही. आपापल्या वस्तीत मागणी करायची ती अशी : सुटे तेल देणे भेसळीच्या भीतीने बंद होते, तर तपासणीची जबाबदारी शासनाने घेऊन भांड्यात माल मिळण्याची सोय करावी, दुरुस्तीचे सुटे भाग मिळणे हा ग्राहकाचा हक्क ठरावा, वेष्टने गोळा करण्याचा खर्च उत्पादकाने भरावा आणि तो वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावा.

१९७२-७३ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. काटकसर त्यांना पुरेपूर ठाऊक होती. ती करूनही भागत नाही, हे सांगायला त्या आल्या होत्या. घरातल्या वस्तूचा असाही एक उपयोग असतो. सल्ला देणाऱ्यांच्या यादीत तो नसतो.