तंबू दोन्ही दिवशी हलका हवा

गेल्या हिवाळ्यात आमच्या रिठदच्या घरात पंधरा दिवस एकच विषय चालला होता, तंबूचा. भाच्याची परीक्षा संपली होती आणि त्याला सायकलवर रिसोड, लोणार, सिंदखेडराजा, जालना असं करत खुलताबादपर्यंत जायचं होतं. लॉजवर पैसे घालवायचे नाहीत, स्वतःच्या तंबूत झोपायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्याची अम्मी, म्हणजे आमच्या आपा, यांचं म्हणणं एका वाक्यात संपायचं, "दिवसा कुठंही फिर, रात्री डोक्यावर छप्पर पाहिजे."

आपांची ही भीती जुनी आहे. मरहूम दुल्हेभाई सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून आजूबाजूच्या खेड्यांत फेरी करायचे. उशीर झाला की कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या खळ्यात ताडपत्री अंथरून पडायचे. तेव्हा मोबाईल नव्हते. आपा दाराशी बसून राहायच्या.

भाच्यानं मग इतिहास काढला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या सफरीला निघाले. त्यांतले आदि हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून मार्च १९२८ मध्ये घरी परतले. "त्यांनाही अम्मी होतीच की," भाचा म्हणाला. आपा म्हणाल्या, "होती ना. चार वर्षं तिचा डोळा लागला नसेल."

शेवटी आम्ही मध्ये पडलो. आधी आपल्याच शेतात एक रात्र तंबूत काढायची, मग पुढचं बघू, असं ठरलं. त्या एका रात्रीनं आम्हाला जे शिकवलं ते वाचकांना सांगावं, म्हणून यंदाचा हा लेख. सुट्टीत सायकली बाहेर काढणारी मुलं आता बऱ्याच घरांत आहेत.

भाच्यानं १८०० रुपयांचा तंबू मागवला होता. खोक्यावर लिहिलं होतं, चार माणसांसाठी, वॉटरप्रूफ. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर भरला ३ किलो ४०० ग्रॅम. मगरिबनंतर आम्ही दोघं तो उभा करायला लागलो. तोंडात टॉर्च धरून, काड्या उलटसुलट घालून, अर्धा तास गेला. सोयाबीन निघालेलं काळं रान भेगाळलेलं होतं. मेख भेगेत घातली की पिठात घातल्यासारखी, ओढली की हातात. बांधाजवळच्या मुरमात ठोकली तर ती वाकली. कसाबसा तंबू उभा राहिला आणि भाचा आत झोपला.

फजरला जाऊन बघतो तर पोरगं कुडकुडत बसलेलं. चादर ओली, उशी ओली. "मामू, हा गळतो." आभाळ तर स्वच्छ होतं, पावसाचा टिपूसही नव्हता. मग पाणी आलं कुठून? ते त्याच्याच श्वासातलं होतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर बरीच वाफ बाहेर पडते. तंबू एकाच थराचा आणि कापडावर लेप दिलेला असेल, तर ती वाफ बाहेर जात नाही. बाहेरच्या गारठ्यानं थंड झालेल्या कापडाला ती लागते आणि तिचं पाणी होतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाचं होतं तसंच. त्यात भाच्यानं थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या.

त्या सकाळी चहा घेताना आम्हाला सूरह नहलची ८०वी आयत आठवली. जनावरांच्या कातड्यांच्या तंबूंची नेमत तिथं सांगितली आहे, आणि ते प्रवासाच्या दिवशीही हलके वाटतात, मुक्कामाच्या दिवशीही हलके वाटतात, असा त्यात उल्लेख आहे. दोन्ही दिवस वेगळे सांगितले आहेत. आम्ही तंबू निवडताना फक्त पहिल्या दिवसाचा, वाहून नेण्याचा विचार करत होतो. पण दमलेल्या माणसाला अंधारात एकट्यानं उभा करता येत नसेल, आत कोरडी झोप मिळत नसेल, तर एक किलोचा तंबूही मुक्कामाला जडच म्हणायचा. या दोन दिवसांच्या कसोटीवर आम्ही नव्यानं शोध सुरू केला.

आधी वजन. एका माणसाचा, दोन थरांचा, ॲल्युमिनियमच्या काड्यांचा बरा तंबू दीड ते दोन किलोंत मिळतो. किलोच्या खाली गेलं की किंमत भराभर चढते आणि कापड नाजूक होत जातं. खांद्यावर ओझं घेऊन डोंगर चढणाऱ्याला तीनशे-चारशे ग्रॅमचा फरक जाणवतो. सायकलवर ते ओझं कॅरियर वाहतं, त्यामुळे तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. कंपन्या पुष्कळदा दोन वजनं छापतात, एक नुसत्या तंबूचं आणि एक मेखा, दोऱ्या, पिशवीसकट. दुसरं वजन खरं धरावं, आणि तेही काट्यावर करून बघावं.

सायकलवाल्यानं वजनाइतकीच गुंडाळीची लांबी बघावी. घडीच्या काड्यांचे तुकडे तीस-पस्तीस सेंटिमीटरचे असतील तर ते कॅरियरच्या बाजूच्या बॅगेत मावतात. भाच्याच्या पहिल्या तंबूचे तुकडे साठ सेंटिमीटरचे होते. आडवे बांधले की दोन्हीकडून बाहेर यायचे, आणि आपल्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉली शेजारून जाताना असं काही बाहेर आलेलं बरं नाही. फायबरच्या काड्या स्वस्त असतात, पण जड असतात आणि तडकल्या की त्यांची कुसं हातात घुसतात. ॲल्युमिनियमची काडी बहुधा वाकते, आणि सोबत एक छोटी नळी असली तर ती वाकलेल्या जागेवर चढवून काम भागवता येतं.

आता मुक्कामाचा दिवस. तंबू दोन थरांचा हवा. आत जाळीचा, म्हणजे डास आणि विंचू-किड्यांपासून बचाव होतो, आणि वर पाणी अडवणारा. दोन्ही थर एकमेकांना चिकटता कामा नयेत. थंडी असली तरी वरचा झरोका उघडा ठेवावा आणि अंगावर एक पांघरूण जास्त घ्यावं.

'वॉटरप्रूफ' या नुसत्या शब्दावर जाऊ नये, त्यापुढचा मिलिमीटरचा आकडा बघावा. पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी कापड पाणी आत सोडत नाही, ते या आकड्यावरून कळतं. हिवाळ्यातल्या सफरीला वरच्या कापडाचा आकडा १५०० ते २००० असला तरी भागतं. तळाचा जास्त हवा, कारण गुडघा आणि कोपर टेकले की तिथं दाब वाढतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हेही बघावं, कारण पाणी बहुतेक वेळा सुईच्या भोकांतूनच येतं. घरी आणल्यावर अंगणात उभा करून वरून चार बादल्या पाणी ओतावं आणि आत हात फिरवावा. कापडात नायलॉन आणि पॉलिएस्टर असे दोन प्रकार मुख्य. नायलॉन मजबूत असतं, पण भिजलं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर कमी सैलावतं आणि उन्हातही जास्त टिकतं.

आपल्याकडे मेखांशिवायही उभा राहणारा, घुमटाच्या आकाराचा तंबू सोयीचा. शाळेचा व्हरांडा, मशिदीचं अंगण, सिमेंटचं खळं, अशा ठिकाणी मेख ठोकता येतच नाही. रानात मात्र मेखा लागतात. काळ्या मातीसाठी वीतभर लांब आणि पसरट, मुरमासाठी बारीक पोलादी. दोन्ही तीन-चार घ्याव्यात. माती ओली असेल तर तणावा दगडाला बांधावा, मेखेच्या भरवशावर राहू नये.

नमाजचाही विचार करावा. एवढ्या लहान तंबूत उभं राहता येत नाही, म्हणून दारासमोर जानमाजपुरती सपाट जागा बघूनच तंबू लावावा. वुजूसाठी एक बाटली पिण्याच्या पाण्यापासून वेगळी ठेवावी, म्हणजे पहाटे दव पडत असताना हापसा शोधत फिरावं लागत नाही.

तंबूत स्टोव्ह, मेणबत्ती, मच्छर कॉइल काहीही पेटवू नये. हज करून आलेल्या बुजुर्गांना एप्रिल १९९७ मधली मीनाची आग आठवत असेल. तंबूंच्या त्या वस्तीत ३०० हून अधिक हाजी मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर तिथं न पेटणारे तंबू आले. आपला तंबू तर पातळ नायलॉन-पॉलिएस्टरचा. शिवाय बंद जागेत ज्योतीनं विषारी वायू साठतो, तो वेगळाच.

जागा मगरिबच्या आधी ठरवावी आणि विचारून ठरवावी. शेत असेल तर शेतमालकाला, गाव असेल तर पोलीस पाटलांना किंवा मशिदीच्या जबाबदार माणसांना सांगावं. नाल्याच्या पात्रात आणि एकट्या झाडाखाली तंबू नको. लोणारचं सरोवर अभयारण्यात येतं, तिथं मनाला येईल तिथं मुक्काम करता येत नाही.

ज्यांना एवढा खर्च परवडत नाही त्यांनी हिरमुसू नये. ८ बाय १० फुटांची, १२० जीएसएमची ताडपत्री सुमारे ९०० ग्रॅम भरते. दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिचं पाल करायचं आणि आत मच्छरदाणी टांगायची. कोरड्या हंगामात एवढ्यात झोप लागते. इंग्लंडमध्ये १९०१ साली सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना उभी करणारा थॉमस हिराम होल्डिंग हाही पेशानं शिंपी होता. कापड, सुई आणि थोडी अक्कल यांवरच हा छंद उभा राहिला आहे.

भाच्याला वाशीमच्या एका कॉलेजमित्राकडून जुना तंबू मिळाला, दोन थरांचा, काट्यावर १ किलो ९०० ग्रॅम. पुन्हा शेतात परीक्षा झाली. या वेळी एकट्यानं आठ मिनिटांत उभा केला आणि सकाळी चादर कोरडी होती. तळ मात्र पातळ होता आणि रानात तुरीची खुटं, बाभळीचे काटे. खाली अंथरायला काहीतरी हवं होतं.

आपा काही न बोलता आत गेल्या आणि माळ्यावरून दुल्हेभाईंची ताडपत्री काढून आणली. घडीच्या रेषांवर ती तडकली होती, पाऊस अडवण्याच्या कामाची उरली नव्हती, पण अंथरायला चालण्यासारखी होती. आपांनी स्वतः कात्री घेतली. तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापली, कारण तुकडा बाहेर राहिला तर पावसाचं पाणी त्यावर साचून आत येतं, हे आम्ही सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. उरलेला तुकडा घडी घालून पुन्हा माळ्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "रोज रात्री आठला फोन. कुठं झोपलास, कुणाच्या रानात, नाव सांगायचं."

आठही रात्री फोन आला. पोरगं परतल्यावर आपांनी त्याला आधी जेवू घातलं. मग तंबू पिशवीतून काढून अंगणातल्या दोरीवर वाळत टाकला. ओला तंबू गुंडाळून ठेवला की त्याचा लेप चिकट होतो आणि वास मारतो, हेही त्यांना आता ठाऊक आहे. ताडपत्रीचा तुकडा त्यांनी वेगळा धुतला.