दगड कोण वाहणार?

परवाची गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास नातवाच्या खोलीत डोकावले, तर स्वारी संगणकासमोर कपाळाला हात लावून बसलेली.

"काय रे, पेपर अवघड गेला का?"

"नाही गं आजी. माझे बुटके दगड उचलत नाहीयेत."

आता यावर आजीने काय बोलावं? पण सदतीस वर्षं वर्गात काढल्यामुळे एक सवय जडली आहे. मूल अडलं की म्हणायचं, "दाखव बघू." तसं म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. ती बसले ते थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. सूनबाईंनी दोनदा हाक मारली, ती आम्हा दोघांनाही ऐकू आली नाही. (ती हे वाचणारच आहे, म्हणून आधीच कबुली.)

खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो २००६ साली लोकांपुढे ठेवला, आणि अजून त्यात भर पडतेच आहे. सुरुवातीला त्यात चित्रं नव्हतीच. डोंगर, झाडं, माणसं, सगळं अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली हा खेळ आपल्या संग्रहासाठी निवडला तो त्याच रूपात. २०२२ च्या डिसेंबरात चित्रांची आवृत्ती आली. आमच्याकडे ती आहे.

सात बुटके घेऊन सुरुवात करायची आणि डोंगराच्या पोटात किल्ला कोरायचा. बुटक्यांना आपण हाताने हलवायचं नाही. "इथे खणा", "तिथे रास करा" अशी खूण करून ठेवायची, मग ज्याला सवड असेल तो येऊन ते काम करतो. आता खणलं की दगड पडणार. पडलेला दगड सुतारशाळेजवळ, पाथरवटाकडे, भिंतीपाशी कुणीतरी न्यायला हवा. दगड जड, त्यामुळे तो उचलून निघालेला बुटका गोगलगायीसारखा सरकत असतो. नातवाची अडचण हीच होती. खाणकरी भराभर खणून मोकळे झाले होते, बोगदाभर दगड विखुरले होते आणि वर भिंतीचं काम खोळंबलेलं.

मी विचारलं, "खणणारे हुशार दिसतात रे तुझे."

"हो, त्यांचं कौशल्य वाढत जातं. खूप खणलं की 'लेजेंडरी' होतात."

"आणि वाहणारे?"

"त्यांचं काही वाढत नाही. वाहण्याला कौशल्यच नाही ना या खेळात."

मंडळी, तिथे मी थांबले. त्याच्या दृष्टीने ते साधं उत्तर होतं. पण ज्यांनी हा खेळ रचला त्यांनी नकळत जगाचा हिशोब तंतोतंत मांडला आहे. खणणारा लक्षात राहतो, घडवणारा लक्षात राहतो, आणि मधे जो माल इथून तिथे नेतो तो कुणाच्याच वहीत नसतो. काम मात्र अडतं ते त्याच्यापाशी.

असो. आता नातवाने काढलेला उपाय सांगते. या खेळात २०१२ साली दोन गोष्टी आल्या, एकचाकी ढकलगाडी आणि रुळांवरची खाणगाडी. मुलगाच तो, त्याने अर्थातच खाणगाडी निवडली. डोंगरात उतार कोरले, रूळ कोरले, चार वळणं घेतली, गाडी वर चढवायला पाणचक्कीवर फिरणारे रोलर बसवले. गाडी कधी सुटायची, कुठे थांबायची, कुठल्या राशीतून भरायची, हे सगळं ठरवून द्यावं लागतं. त्यात त्याचे दोन दिवस गेले. पहिल्या खेपेला गाडी हललीच नाही, कारण भरायची रास थांब्याला जोडायची राहून गेली होती. दुसऱ्या खेपेला उतारावर तिने असा वेग घेतला की वळणावर रूळ सोडून गेली. तिसऱ्या खेपेला रुळांवरून घरी चाललेला एक बुटका तिच्याखाली सापडला.

"मेला?" मी विचारलं.

"हो. पण तो वाहणाराच होता."

हे ऐकून मी त्याच्याकडे बघितलं. तोही ओशाळला. काय बोललो ते त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा विचार केला. मी शाळेत बांधकामं पाहिली आहेत, संसारात घरं बदलली आहेत. माझा प्रश्न एवढाच होता, "पाथरवटाला खाणीजवळ का नाही बसवत?" दगड तिथेच घडला तर वर फक्त घडलेला ठोकळा न्यायचा, बाकीचा डोंगर तिथेच राहू दे. त्याने ते केलं. मग खाणीच्या तोंडाशी एक लहान रास नेमली आणि तिला दोन ढकलगाड्या दिल्या. रूळ नाही, रोलर नाही. एक बुटका, एक चाक, एक दगड. ढकलगाडीवर दगड घेतलेला बुटका जवळजवळ मोकळ्या चालीने चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. यातही खोट निघालीच. राशीला जेवढ्या गाड्या तेवढेच बुटके एका वेळी दगड आणतात, बाकीचे हात हलवत उभे. म्हणून तिसरी गाडी दिली. दुसऱ्या दिवशी बोगदा स्वच्छ.

माझं मत विचाराल तर चांगल्या गाडीची परीक्षा ती किती वाहते यावर करू नये. तिच्यामुळे कुणाची पाठ वाचली आणि तिच्या वाटेत कोण आलं, हे आधी बघावं. मोठी रचना बघायला सुंदर असते, पण ती चालू ठेवायला पुन्हा माणसंच लागतात, आणि चुकली तर तिच्याखाली येतो तो बहुधा तिची रचना न केलेला माणूस.

हे नुसतं खेळापुरतं नाही. जर्मन पंडित अ‍ॅग्रिकोला याचा खाणकामावरचा मोठा लॅटिन ग्रंथ १५५६ साली छापला गेला. (पुढे १९१२ साली त्याचं इंग्रजी भाषांतर हर्बर्ट हूवर आणि त्यांच्या पत्नी लू यांनी केलं. हेच हूवर नंतर अमेरिकेचे अध्यक्ष झाले.) त्या ग्रंथात खाणीतल्या एका गाडीचं वर्णन आहे. सुमारे चार फूट लांब, अडीच फूट रुंद लाकडी पेटी, खाली छोटी चाकं. ढकलगाडीपेक्षा दीडपट माल मावणारी. चालताना तिचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो म्हणून खाणकरी तिला 'कुत्रा' म्हणत. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली ती म्हणजे गाडीखालची लोखंडी खुंटी. जमिनीवर दोन फळ्या टाकायच्या, त्यांच्यामधल्या फटीतून ही खुंटी सरकते, म्हणजे अंधारातसुद्धा गाडी वाट सोडत नाही. दोन फळ्या आणि एक खुंटी! अंधारात ढकलणाऱ्याचा विचार करून कुणीतरी ती तिथे ठोकली असणार.

आणि जिथे असा विचार झाला नाही तिथे काय झालं तेही इतिहासात आहे. इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत मुलं आणि बायका कमरेला पट्टा बांधून, पायांमधून साखळी घेऊन, रांगत रांगत कोळशाच्या गाड्या ओढत. तिथे गाडीला चाकं होतीच. पण बोगदा उंच खणायला खर्च येतो, मूल मात्र बुटकं असतं आणि स्वस्त मिळतं. १८४२ साली चौकशी समितीचा अहवाल चित्रांसकट छापला गेला तेव्हा लोक हादरले, आणि त्याच वर्षी बायकांना व दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीच्या पोटात कामाला लावण्यावर कायद्याने बंदी आली. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे खरे बुटके मुलंच होती."

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

१९७२ साली मी नुकती बी.ए. होऊन सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी शाळेत लागले होते. दुष्काळाचं वर्ष. गावाबाहेर खडी फोडण्याचं काम निघालेलं. वर्ग हळूहळू रिकामे होऊ लागले. सातवीतली एक मुलगी, गणितात फार चांगली, आठ-दहा दिवस आली नाही म्हणून मी कामावर गेले. ती आईने फोडलेली खडी घमेल्यात भरून डोक्यावरून ढिगावर नेऊन टाकत होती. डोक्याला चुंबळ, पायात काही नाही. मी तिच्या आईला शिक्षणाचं महत्त्व सांगू लागले. एकवीस वर्षांची होते, भाषण बरं जमत असे. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, हिला साळंत धाडली तर माझी खडी वाहायची कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी परत आले. मोजमाप ढिगाचं व्हायचं, ढिगापर्यंतच्या खेपांचं नाही. तिथे शेकडो माणसं होती, पण एकही ढकलगाडी पाहिल्याचं मला आठवत नाही.

जाणकार म्हणतील, दुष्काळी कामाचा हेतूच जास्तीत जास्त हातांना काम देणं हा होता, तिथे साधनं आणून हात कमी कसे करणार? हा मुद्दा खोटा नाही. यंत्र आणलं असतं तर पंचवीस घरांच्या चुली विझल्या असत्या. पण पोटावर येणारं यंत्र वेगळं आणि पाठीचा भार घेणारं साधन वेगळं. ढकलगाडीने त्या आईचा रोजगार गेला नसता, तिच्या पोरीचं डोकं मोकळं झालं असतं. त्या खडकाळ रानात चाक चाललं असतं का, अशीही शंका काढता येईल. नसतं चाललं. पण मग दोन फळ्या टाकता आल्या असत्या. चारशे वर्षांपूर्वी अंधाऱ्या खाणीत ज्या टाकल्या होत्या, त्याच. आम्हा शिकल्या-सवरलेल्या कुणालाच ते सुचलं नाही, कारण वाहणं हा आमच्या लेखी प्रश्नच नव्हता. मला तर घमेलं दिसलंच नाही, फक्त गैरहजेरी दिसली.

ती मुलगी पुढच्या जूनमध्ये परत आली नाही. वर्ष संपल्यावर माझीही दुसरीकडे बदली झाली.

म्हणून मंडळी, मुलं असले खेळ खेळतात म्हणून फार तक्रार करू नका. मीसुद्धा पूर्वी करत असे. त्याऐवजी शेजारी बसा आणि एकच विचारा, "बाळा, हे सगळं वाहणार कोण?" हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की पूल, धरण, मॉल, मेट्रो, काहीही बघताना तो आपोआप वर येतो. मला तो पन्नास वर्षं उशिरा विचारता आला.

नातवाने काल किल्ल्यात एक नवी खोली कोरली. त्या गाडीखाली गेलेल्या बुटक्यासाठी. दगडाची पेटी पाथरवटाने खाणीजवळच घडवली आणि ती वर न्यायला किती वेळ लागला ते आम्ही दोघे बघत बसलो होतो. जेवायला पुन्हा उशीर झाला. सूनबाई, आज वेळेवर येतो.