द्वारपालाची यादी

पहारेकरी बळकट असला, तरी अडवावें कोणास हें त्यास ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय? विशाळगडाच्या तालुक्यांत राहणाऱ्या आम्हां मलकापूरकरांस हें निराळें सांगणें नलगे.

संगणकांचेंही तसेंच आहे. आज्ञावलींत छिद्र सांपडलें म्हणजे निर्माता ठिगळ पाठवितो. तें लागेपर्यंत जाळ्याच्या वेशीवरील घुसखोरी-प्रतिबंधक यंत्रणा, हल्ल्याच्या खुणा नियमांशीं ताडून, त्यास अडविते. नियमच जुने असले, तर नव्या चोरास वाट मोकळी!

विंडोजमधील अशा एका छिद्राचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं दिलें. तरी १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ त्याच छिद्रांतून जगभर पसरला. २७ जूनच्या ‘नॉटपेट्या’नेंही तेंच छिद्र वापरलें, आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प झालें. शिवाय त्यानें एका यंत्रांतून परवलीचे शब्द चोरून ठिगळ लावलेलीं यंत्रेंही गांठलीं. म्हणजे एकाच्या आळसाचा दंड शेजाऱ्यासही!

आज वडीलमंडळींचें निवृत्तिवेतन मोबाइलवरून हाताळलें जातें. एकत्र कुटुंबांत सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. सबब घरांतील सर्व यंत्रांच्या नव्या आवृत्त्या वेळेवर घेण्याचें काम एका तरुणाकडे सोंपवावें, आणि दरमहा त्याची विचारपूस वडिलांनीं करावी, अशी वाचकांस आमची विनंति आहे.